पहिली .२२ रायफल : बालनेमबाजांसाठी निवड कशी करावी?

पॅरिस येथील ऑलिंपिक स्पर्धेत १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल ‘थ्री पोझिशन’ प्रकारात कांस्यपदक पटकावले. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक होय. त्याच्या आदल्या वर्षी हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत पंजाबच्या सिफ्त कौर समरा यांनी याच प्रकारात ४६९.६ गुणांच्या जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले होते. त्याहीपूर्वी, २०१० मध्ये, म्युनिक येथे तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या होत्या. या तिघांच्या हातातील शस्त्राची जात एकच आहे : ०.२२ इंच बोअरची, ‘रिमफायर’ काडतुसावर चालणारी आणि एका वेळी एकच गोळी भरता येणारी रायफल.

अशा यशानंतर नेमबाजी क्लबांमध्ये पालकांची विचारणा सुरू होते आणि तिचा रोख बहुधा एकाच प्रश्नाकडे असतो : मुलासाठी किंवा मुलीसाठी पहिली रायफल कोणती घ्यावी? प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याच्या उत्तरात मुलाच्या हाताची लांबी, घरातील कुलूप, देशाचा कायदा आणि कुटुंबाची ऐपत या सर्वांचा समावेश होतो. कंपनीचे नाव या यादीत बरेच खाली येते.

रिमफायर म्हणजे काय?

‘रिमफायर’ या शब्दाला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. ‘कडेने पेटणारे काडतूस’ असे म्हणता येईल, पण रेंजवर ते कोणी म्हणत नाही. मोठ्या बोअरच्या काडतुसात पेटणारे रसायन बुडाच्या मध्यभागी एका छोट्या टोपणात असते. रिमफायर काडतुसात ते बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. रायफलीची पिन या कडेवर आदळते, पातळ पितळ चेपले जाते, रसायन पेटते आणि त्यातून दारू जळते. पितळ पातळ ठेवावे लागत असल्याने या काडतुसात फार मोठा दाब निर्माण करता येत नाही. त्यामुळे धक्का नाममात्र राहतो आणि काडतूस तुलनेने स्वस्त पडते. नवशिक्यासाठी ते उपयुक्त ठरले ते याच कारणांमुळे.

पॅरिसमधील फ्लोबेर यांनी १८४५ च्या सुमारास या पद्धतीचे काडतूस तयार केले. आज जगभर वापरले जाणारे ‘.२२ लाँग रायफल’ हे काडतूस १८८७ पासून प्रचलित आहे आणि आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ५० मीटर रायफल स्पर्धा याच काडतुसावर होतात.

धक्का नाममात्र असल्याने एक गैरसमज मात्र हमखास होतो. .२२ म्हणजे ‘लहान मुलांची बंदूक’ अशी समजूत अनेक घरांत आढळते. या काडतुसाची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि लक्ष्यभेदाच्या प्रकारात ती सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने नळीबाहेर पडते. १० मीटरच्या एअर रायफलीतील छऱ्याच्या तुलनेत तिची ऊर्जा पंधरा पटींहून अधिक भरते. नळी योग्य कोनात वर असेल तर गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. एअर रायफलीवरून .२२ कडे येणे ही वरच्या इयत्तेत जाण्याइतकी सरळ बाब नाही, हे पालकांनी प्रथम लक्षात घ्यावे.

एकच गोळी का?

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५० मीटर प्रकारात प्रत्येक गोळीपूर्वी हाताने भरावी लागणारी रायफलच वापरता येते. परंतु नवशिक्यासाठी या अटीचे महत्त्व स्पर्धेच्या नियमापुरते नाही. एकेरी रायफलीत मॅगझिन नसते. बोल्ट मागे ओढला, कोठी रिकामी दिसली, की रायफलीत दुसरी गोळी लपून बसण्यास जागाच उरत नाही. प्रशिक्षकाला चार पावलांवरून बोल्ट उघडा आहे की बंद, हे दिसते. प्रत्येक गोळीसाठी मुलाला रायफल स्थिर ठेवून डब्यातून एक काडतूस उचलावे लागते, ते कोठीत बसवावे लागते, बोल्ट बंद करावा लागतो. या दहा-पंधरा सेकंदांत श्वास पूर्ववत होतो आणि मागची गोळी कोठे गेली याचा विचार होतो. मॅगझिन असलेल्या रायफलीत हाच अवकाश नाहीसा होतो आणि मूल गोळ्या ‘संपवू’ लागते.

ब्रिटनमधील कॅडेट दलांनी १९५० च्या सुमारास आलेली क्रमांक ८ ची एनफिल्ड .२२ रायफल सहा दशकांहून अधिक काळ प्रशिक्षणासाठी वापरली. तीही एकेका गोळीचीच होती. आपल्याकडे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्र सेनेतही .२२ रायफल हीच अनेकांची पहिली रायफल ठरली आहे. अंजली भागवत यांच्या नेमबाजीची सुरुवातही छात्र सेनेतूनच झाली.

तथापि ‘एकेरी’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे. अमेरिकेतील केंटकी राज्यात एप्रिल २०१३ मध्ये पाच वर्षांच्या मुलाच्या हातून त्याची दोन वर्षांची बहीण मृत्युमुखी पडली. ती रायफल लहान मुलांसाठीच बनवलेली, एकेरी, .२२ बोअरची होती आणि त्या मुलाला ती भेट म्हणून मिळाली होती. घराच्या कोपऱ्यात ती उभी करून ठेवलेली होती. तिच्यात एक काडतूस राहून गेले आहे, हे कुटुंबातील कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. त्या रायफलीच्या यंत्रणेत दोष असल्याचे पुढे आले नाही. दोष होता तो तिच्या जागेत : ती कुलपाबाहेर होती आणि काडतूस तिच्या आत होते. म्हणूनच पुढील सर्व विवेचन देखरेखीखालील प्रशिक्षणापुरतेच आहे. देखरेख याचा अर्थ मुलाच्या हाताच्या अंतरावर उभा असलेला, दुसऱ्या कोणाकडेही लक्ष नसलेला जाणकार प्रौढ असा घ्यावा.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ९ नुसार २१ वर्षे पूर्ण न केलेल्या व्यक्तीला अग्निशस्त्र किंवा दारूगोळा मिळवता अथवा जवळ बाळगता येत नाही. १९८३ च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा १६ वर्षांची होती. मात्र त्याच कलमात प्रशिक्षणासाठी एक दार उघडे ठेवण्यात आले आहे : विहित वय पूर्ण केलेल्या व्यक्तीस प्रशिक्षणाच्या ओघात, विहित अटींवर, विहित प्रकारची अग्निशस्त्रे वापरता येतात. या अटींचा तपशील शस्त्र नियम, २०१६ मध्ये असून नेमबाजांसंबंधीच्या सवलती गृह मंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये नव्याने अधिसूचित केल्या. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. घरात आजोबांच्या काळची दोन शस्त्रे आधीच असतील, तर मुलाच्या सरावासाठी तिसरे घेण्याचा बेत येथेच अडतो. असा पालक खेळाडूंसाठीच्या सवलतीत बसतो की नाही, हे जिल्हा परवाना शाखेत आणि राज्य रायफल संघटनेकडे अर्ज करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

अन्य देशांशी तुलना उद्बोधक ठरते. जर्मनीत क्रीडा नेमबाजीसाठी एअर रायफल १२ व्या वर्षापासून, तर .२२ रायफल १४ व्या वर्षापासून हाती दिली जाते आणि तेथे मुलांसोबत काम करण्यास पात्र असलेली व्यक्ती उपस्थित असणे बंधनकारक आहे. दोन वर्षांचे हे अंतर समंजस आहे. भारतात बहुतेक क्लबांत मूल प्रथम एअर रायफलीवर शिकते. ठरावीक ऊर्जेपर्यंतच्या .१७७ एअर रायफलीला परवाना लागत नसल्याने तो मार्ग सुलभही आहे. किमान एक वर्ष एअर रायफलीवर काढलेले, आज्ञा ऐकताच रायफल खाली ठेवणारे मूलच .२२ साठी योग्य समजावे. वयाचा दाखला ही शिस्त सिद्ध करत नाही.

आधी माप, मग रायफल

मुलांना रायफल देताना होणारी सर्वांत सामान्य चूक म्हणजे मोठ्यांच्या मापाची रायफल देणे. ‘वाढत्या अंगाचे’ कपडे घेण्याची आपली सवय येथे घातक ठरते. शर्टाची बाही दुमडता येते, रायफलीचा दस्ता दुमडता येत नाही.

महत्त्वाचे माप म्हणजे चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी. (मराठीत ‘चाप’ आणि ‘घोडा’ हे दोन्ही शब्द चालत असले, तरी रेंजवर ‘ट्रिगर’ हाच शब्द कानी पडतो.) प्रौढांच्या बहुतेक रायफलींत ही लांबी साडेतेरा ते चौदा इंच असते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला साधारण अकरा ते साडेबारा इंच पुरतात. तपासण्याची पद्धत सोपी आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री प्रशिक्षकाने करावी. मुलाने कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या घडीत टेकवावे. बोटाचे पहिले पेर चापापर्यंत सहज पोहोचले, तर माप जवळपास बरोबर. बोट चापाला कसेबसे टेकत असेल, तर दस्ता लांब आहे. ही ढोबळ चाचणी झाली. खरी चाचणी पालथे पडून नेम धरल्यावर होते. त्या स्थितीत दृश्य स्पष्ट दिसण्यासाठी मुलाला मान पुढे ताणावी लागत असेल किंवा गाल दस्त्यावरून उचलावा लागत असेल, तर माप चुकलेले आहे.

दस्ता लांब असला की मूल शरीराने त्याची भरपाई करते. उभ्या स्थितीत ते कमरेतून मागे झुकते, खांदा वर उचलते, डाव्या हाताची कोपर बरगडीपासून सुटते. सहा महिन्यांत ही ठेवण अंगात मुरते आणि पुढे ती मोडण्यास दोन वर्षे लागतात, असा अनुभव अनेक प्रशिक्षक सांगतात. यावर उपाय म्हणजे मागील टोकास पट्ट्या घालून किंवा काढून लांबी बदलता येईल असा दस्ता. गालाखालची फळी वर-खाली करता येत असेल तर अधिक उत्तम. अशा रायफलीवर एकाच क्लबातील तीन वेगवेगळ्या उंचीची मुले शिकू शकतात. प्रत्येकाने आपल्या खुणांचे आकडे वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे दर वेळी नव्याने शोधाशोध करावी लागत नाही.

दुसरी बाब वजनाची. स्पर्धेच्या वरच्या श्रेणीतील रायफली सहा-सात किलोपर्यंत जातात. ३५ किलो वजनाच्या मुलाला पाच किलोची रायफल म्हणजे त्याच्या वजनाच्या एक सप्तमांश भार. अशी रायफल उभ्याने पेलण्यासाठी मूल पाठीचा कणा वाकवते आणि वाढीच्या वयात पाठीवर नित्य पडणारा हा ताण टाळलाच पाहिजे. उलट टोकाला, अमेरिकेत मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या दीड किलोच्याही आतल्या रायफली आहेत. त्या उचलण्यास सोप्या असल्या तरी नळी इतकी हलकी असते की हृदयाचा प्रत्येक ठोका नेमात दिसतो आणि मूल निराश होते. प्रस्तुत लेखिकेच्या मते पहिल्या रायफलीसाठी अडीच ते साडेतीन किलोंचा पल्ला सर्वांत सोयीचा. वजन किती यापेक्षा ते कोठे आहे, हेही पाहावे. नळी लांब आणि जाड असेल तर तोल पुढे जातो व डावा हात लवकर थकतो. तोल डाव्या हाताच्या तळव्याजवळ यावा.

जड रायफलच उपलब्ध असेल, तर सुरुवातीचे महिने केवळ पालथ्या स्थितीत, पट्टा लावून किंवा पुढे आधार देऊन सराव करावा. यात कमीपणा मुळीच नाही. पालथी स्थिती हीच .२२ रायफलीची बाराखडी आहे.

डावा हात, डावा डोळा

मुलाचा प्रबळ डोळा कोणता, हे रायफल निवडण्यापूर्वी तपासावे. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवावी, तीतून दूरची एखादी वस्तू पाहावी आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते, तो प्रबळ डोळा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या काही मुलांचा डावा डोळा प्रबळ असतो. अशा मुलाने डाव्या खांद्यावर रायफल घ्यावी की उजव्याच खांद्यावर घेऊन डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावावी, याविषयी प्रशिक्षकांत एकमत नाही. लहान वयात खांदा बदलणे सोपे जाते, एवढे मात्र निश्चित. डावखुऱ्यांसाठी डाव्या बाजूचा बोल्ट असलेल्या रायफली बनतात, पण आपल्या क्लबांत त्या मोजक्याच दिसतात. एकेरी रायफलीत उजवा बोल्ट डावखुऱ्याला निभावता येतो, कारण घाई नसते. दस्त्याचा गालाकडचा उंचवटा मात्र उजव्यांसाठीच घडवलेला असेल, तर डावखुऱ्याला तो कधीच नीट बसत नाही.

बोल्ट, चाप आणि दृश्य

नवशिक्यासाठी बोल्टची रचना सर्वांत स्पष्ट. काही जुन्या क्लबांत मार्टिनी पद्धतीच्या, खालच्या खटक्याने कोठी उघडणाऱ्या ब्रिटिश रायफली अद्याप आहेत. अचूकतेत त्या कमी नाहीत, परंतु कोठी वरून सहज दिसत नाही आणि सुटे भाग मिळत नाहीत. मुलांच्या काही रायफलींत बोल्ट बंद केल्यावर मागची मूठ हाताने ओढून वेगळी ताणावी लागते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही एक पायरी अधिक असली, तरी लहान बोटांना ती स्प्रिंग जड जाते आणि अर्धवट ओढलेली मूठ निसटण्याचा संभव असतो. बोल्ट उघडताना किंवा बंद करतानाच यंत्रणा ताणली जाणे अधिक चांगले.

स्पर्धेच्या रायफलींचा चाप शंभर ग्रॅमच्या आसपासच्या दाबावरही सुटेल असा बसवता येतो. पहिल्या वर्षी तो तसा नसावा. चाप इतका हलका असला की बोट टेकवताच गोळी सुटते आणि मूल चाप दाबण्याऐवजी त्याला घाबरू लागते. अर्धा ते एक किलोचा, दोन टप्प्यांत दबणारा आणि अडखळत न चालणारा चाप असावा. त्याचे स्क्रू फिरवण्याचा अधिकार फक्त प्रशिक्षकाला असावा, मुलाला किंवा उत्साही वडिलांना नसावा.

दुर्बीण सुरुवातीस नको. मागे छिद्र असलेली चकती आणि पुढे गोल कडे, ही लक्ष्यभेदी रायफलीची पारंपरिक रचना मुलाला डोळ्याची व मानेची शिस्त शिकवते. दुर्बिणीतून प्रत्येक थरथर मोठी दिसते आणि मूल ‘अगदी आत्ता’ असे म्हणत चाप झटकते. मागच्या चकतीचे खटके मात्र स्पष्ट ऐकू येणारे आणि प्रत्येक खटक्यास गोळी तितकीच सरकवणारे असावेत. स्वस्त रायफलीत सर्वप्रथम दगा देतो तो हाच भाग.

वापरलेली रायफल

भारतात बहुतेक मुलांची पहिली .२२ रायफल ही क्लबाची आणि वापरलेली असते. यात वाईट काही नाही. १८५६ मध्ये स्थापन झालेल्या जर्मनीच्या आन्शुट्झ कंपनीच्या ‘६४’ आणि ‘५४’ या दोन यंत्रणांवरील रायफली जगभरातील क्लबांत दिसतात. नीट राखलेली .२२ नळी हजारो गोळ्यांनंतरही चांगली चालते. ‘५४’ ही वरच्या श्रेणीची यंत्रणा होय. शिकण्यासाठी ‘६४’ पुरेशी आहे. देशात ईशापूर येथील रायफल कारखान्यातही .२२ स्पोर्टिंग रायफल बनवली गेली आहे. परवानाधारकास ती सहज मिळण्याजोगी असली तरी ती मॅगझिनची आणि साध्या दस्त्याची आहे. तिच्यावर मुलाला शिकवायचे झाल्यास मॅगझिन काढून ठेवून एकेक काडतूस हाताने भरण्याचा दंडक प्रशिक्षकाने घालावा.

जुनी रायफल पाहताना बोल्ट काढून नळीतून प्रकाशाकडे पाहावे. आतील चऱ्यांच्या कडा स्पष्ट असाव्यात, मध्ये काळे वलय नसावे. नळीच्या तोंडाच्या कडेवर खरचटलेली खूण असेल तर अचूकता गेली असे समजावे. कारण गोळीला शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो. त्यानंतर कोठीच्या काठावर पिनेने पाडलेला खड्डा आहे का, ते पाहावे. रिमफायर रायफलीचा चाप रिकाम्या कोठीवर वारंवार ओढल्यास पिन थेट काठावर आदळून असा खड्डा पडू शकतो आणि मग काडतूस आत बसताना अडते. कोरड्या सरावासाठी नकली काडतूस वापरावे किंवा त्याची खास सोय असलेली रायफल घ्यावी. शेवटी, रिकामी रायफल ताणून तिचा दस्ता जाड चटईवर हलकेच आपटावा. यंत्रणा आपोआप सुटली तर ती रायफल त्या दिवशी कोणत्याही मुलाच्या हाती देऊ नये. ही चाचणी शस्त्र दुरुस्तकाने किंवा प्रशिक्षकानेच करावी.

काडतुसांचे गणित

५० मीटरच्या लक्ष्यावर दहाच्या वलयाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. गोळी ५.६ मिलिमीटरची असते आणि वलयाला नुसती शिवली तरी तो गुण मिळतो. म्हणजेच गोळीचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटर हलले तरी दहा गुण पडतात. जी रायफल आधारावर ठेवून दहा गोळ्या सुमारे १६ ते २० मिलिमीटरच्या घेरात टाकते, ती नवशिक्याला वर्ष-दोन वर्षे कमी पडणार नाही. त्याहून बारीक अचूकतेसाठी मोजलेले पैसे या वयात वाया जातात. मुलाच्या स्वतःच्या नेमातील फरक याच्या कितीतरी पट असतो.

प्रत्येक नळीला एखादे काडतूस अधिक मानवते, हे मात्र खरे. एकाच कंपनीच्या दोन वेगवेगळ्या खेपांमध्येही फरक पडतो. चार-पाच प्रकारची काडतुसे घेऊन प्रत्येकी दहा गोळ्या झाडून पाहाव्यात आणि मग मध्यम किमतीचे जे बरे ठरेल ते वर्षभर वापरावे. अतिवेगवान काडतुसे शिकण्यासाठी निरुपयोगी आहेत. आयातीत काडतुसांचा खर्च रायफलीपेक्षा लवकर जाणवू लागतो. महिन्याला किती गोळ्या परवडतील, याचा हिशेब पालकांनी रायफल घेण्यापूर्वी मांडावा. महागडी रायफल आणि आठवड्याला वीस गोळ्या, यापेक्षा साधी रायफल आणि आठवड्याला शंभर गोळ्या केव्हाही श्रेयस्कर.

कान, डोळे आणि शिसे

.२२ रायफलीचा आवाज बंद रेंजमध्ये फारसा मोठा वाटत नाही, तरी त्याची क्षणिक पातळी १४० डेसिबलच्या आसपास जाते. त्यामुळे मुलाच्या कानांवर आवरण आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. याहून कमी चर्चिली जाणारी बाब शिशाची आहे. गोळी शिशाची असते आणि पेटणाऱ्या रसायनातही शिशाचे संयुग असते. गोळी झाडताना त्याचे सूक्ष्म कण हवेत व हातांवर येतात. वाढत्या वयाच्या मुलांच्या शरीरात शिसे प्रौढांपेक्षा अधिक शोषले जाते आणि मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. रेंजवर डबा उघडून खाणे नको, सरावानंतर साबणाने हात-तोंड धुवावे, सरावाचे जाकीट घरच्या कपड्यांत धुऊ नये. रेंज बंदिस्त असेल तर हवा नेमबाजाच्या पाठीमागून लक्ष्याकडे वाहते की नाही, हे पालकांनी स्वतः पाहावे. रायफल निवडण्याआधी रेंज निवडावी, असे म्हणण्याचे हे एक सबळ कारण आहे.

गोळी न सुटल्यास काय करावे, हेही पहिल्याच दिवशी शिकवले जाते. नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबावे, प्रशिक्षकाला हात वर करून बोलवावे आणि त्यानंतरच बोल्ट उघडावा. रिमफायर काडतुसात ही वेळ इतरांपेक्षा अधिक वेळा येते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर गोळी नळीत अडकली असण्याचा संभव असतो. त्यावर दुसरी गोळी झाडणे म्हणजे नळी फोडणे होय.

विकत घ्यावी की क्लबाची वापरावी?

पहिली दोन वर्षे स्वतःची .२२ रायफल घेऊ नये, असे या लेखाचे स्पष्ट मत आहे. बारा ते पंधरा या वयात मुलाची उंची इतक्या झपाट्याने वाढते की आज बसणारा दस्ता पुढच्या उन्हाळ्यात आखूड होतो. शिवाय परवाना, आयातीची परवानगी आणि किंमत यांचा भार कुटुंबावर पडल्यावर मुलाला खेळ सोडण्याची मुभा उरत नाही. अनेक मुले दीड-दोन वर्षांनी क्रिकेटकडे किंवा दहावीच्या अभ्यासाकडे वळतात आणि त्यात गैर काही नाही. क्लबाची रायफल शस्त्रागारात राहते, तिचा ताळेबंद ठेवला जातो आणि घराचा कोपरा हा प्रश्नच उद्भवत नाही.

पालकांच्या परवान्यावर रायफल घरी येणारच असेल, तर ती भिंतीला किंवा जमिनीला घट्ट बसवलेल्या लोखंडी कपाटात, बोल्ट काढून, ठेवावी. बोल्ट आणि काडतुसे यांना स्वतंत्र कुलूप असावे आणि दोन्ही किल्ल्या मुलाला ठाऊक नसलेल्या ठिकाणी असाव्यात. रेंजवर असताना कोठीत केशरी रंगाची सुरक्षापट्टी घातलेली राहील, ही सवय लावावी. ती काढण्याची परवानगी ‘लोड’ची आज्ञा होण्यापूर्वी मिळत नाही.

कोकण, मुंबई, कोलकाता यांसारख्या दमट प्रदेशांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. सरावानंतर रायफल स्पंजाचे अस्तर असलेल्या पेटीत बंद करून ठेवली, तर पावसाळ्यात पंधरवड्यात नळीवर गंज दिसू लागतो. घामाच्या हातांचे ठसे पुसून, तेलाचे अतिशय पातळ बोट फिरवून ती उघड्या खणात उभी करावी आणि कपाटात ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. पुढील सरावापूर्वी नळीतील तेल कोऱ्या कापडाने काढून टाकावे आणि पहिल्या पाच-सहा गोळ्या गुणांसाठी मोजू नयेत.